म्हसोबा उतरला ती वाट

मी एक जुनी पहार आहे. जुनी म्हटलं म्हणून कोपऱ्यात मुकाट उभी राहणारी समजू नका. मला उभं राहवतच नाही. भिंतीला टेकवलं की मी घसरते, आडवी टाकली की कुणाच्या तरी पायात येते आणि शिव्या खाते. खाते तर खाते. मित्रांनो, जिला स्वस्थ बसता येतं ती पहार काय कामाची?

हा चळ मला पहार होण्याच्या आधीपासूनचा आहे. सेलूला एका जिनिंगमध्ये मी यंत्राचा दांडा होते. कापसाच्या हंगामात सकाळपासून दिवे लागेपर्यंत गरगर फिरायची. एका वर्षी मधूनच तडकले आणि भंगारात जाऊन पडले. बोरीचा चंद्रभान लोहार जुनं लोखंड बघायला तिथं आला होता, त्यानं मला उचललं. भट्टीत घातलं, ठोकलं, पुन्हा घातलं. एक टोक अणकुचीदार केलं, दुसरं चपटं. पाणी देताना मी अशी चरचरले की त्याची बायको चुलीपुढून उठून बघायला आली. ही पहार वाकायची नाही, पण हातात गप्पही बसायची नाही, असं चंद्रभान म्हणाला. ते कौतुकानं म्हणाला की वैतागून, हे मला अजून कळलेलं नाही.

मला घेतलं सावळदऱ्याच्या लिंबाजीनं. सावळदरा म्हणजे बोरीच्या वरच्या अंगाला, जिंतूरच्या डोंगराला चिकटून असलेलं लहानसं गाव. लिंबाजीची जमीन थोडी, म्हणून उन्हाळ्यात तो लोकांच्या विहिरी फोडायचा. बरोबर त्याची बायको दगडाबाई असायची. तिच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून ही तरी टिकावी या आशेनं आईबापांनी तिला हे नाव ठेवलं होतं. आणि ती टिकली. नुसती टिकली नाही, दगडाची सगळी भाषा शिकली.

लोकांना वाटतं की पहारीचं काम फोडायचं. अहो, अर्धं काम ऐकायचं असतं. पक्का बसलेला दगड ठोकला की ठण्ण वाजतो. आतून सुटलेला, भेगाळलेला दगड बद्द वाजतो. लिंबाजी मला मारायचा आणि दगडाबाई कान द्यायची. एकदा पेडगावच्या एका विहिरीत, चाळीस हात खोल, लिंबाजी घाम पुसत कपारीला टेकला होता. दगडाबाईनं सहज मला कपारीवर आपटलं, आवाज ऐकला आणि त्याला नुसतं सरका म्हणाली. तो सरकला. पाठीमागची अख्खी शिळा तो उभा होता तिथं आली. विहिरीच्या मालकानं तिला लुगडं दिलं आणि सगळ्या गावात तिच्या कानाचं नाव झालं. मला जरा रागच आला. आवाज कुणाचा होता?

पण ते दिवस सुखाचे होते. उन्हाळा आला की मी रोज नव्या दगडाला भिडायची.

मग सावळदऱ्यात उंदीर पडू लागले. प्लेग आला. लोक घरं सोडून शेतात खोपटी घालून राहिले. लिंबाजीला काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. त्या वर्षी गावातली एकवीस माणसं गेली. साथ ओसरली, पण जुन्या गावात परत जायला कुणाचा पाय उचलेना. लिंबाजीची एकुलती लेक तानुबाई तर साफ सांगून मोकळी झाली की बाप ज्या घरात तडफडला त्या घरात ती आपलं तान्हं लेकरू घेऊन जाणार नाही. तिचा नवरा सटवाजी घरजावई होता, सासूच्या शब्दाबाहेर नव्हता, पण त्या बाबतीत तोही बायकोच्या बाजूनं होता.

तेव्हा आश्रुबा पुढं आला. पाटलांच्या घरातला माणूस, मनानं मोठा. डोंगराच्या पायथ्याचं आपलं सपाट शेत त्यानं नव्या वस्तीला देऊन टाकलं. जागा सगळ्यांना आवडली, कारण त्या शेताच्या मधोमध म्हसोबा होता. शेंदरानं माखलेला भला थोरला काळा धोंडा. गावाची समजूत अशी की हा देव कुणी आणलेला नाही की कुणी बसवलेला नाही. तो आपल्या पायानं डोंगरावरून उतरला आणि त्याला जिथं आवडलं तिथं बसला. देवानं जी जागा स्वतः निवडली तिच्यात खोट कशी निघेल?

तेव्हा निजामाचं राज्य होतं. नवी आबादी वसवायची तर सरकारी मंजुरी लागायची. सदतीस सालच्या उन्हाळ्यात परभणीहून एक ओव्हरसियर मुआयन्याला, म्हणजे जागेच्या पाहणीला आला. काशीनाथ त्याचं नाव. तरुण, अंगानं बारीक, उन्हानं नाक सोललेलं. कागद उर्दूत लिहायचा आणि आमच्याशी मराठीत बोलायचा. मारुतीच्या देवळात त्यानं मुक्काम टाकला आणि सकाळपासून पायथ्यानं हिंडू लागला. त्याची रीत साधी होती. डोंगरावरून आजवर पडलेले दगड कुठवर येऊन थांबलेत ते बघायचं. आलेले दगडच सांगतात की पुढचे कुठवर येतील.

पायथ्यापासून चाळीस पावलांपर्यंत झुडपांत दगड पडलेले होते. त्यानंतर आश्रुबाचं शेत लागायचं, आणि तिथं बोटाएवढा खडासुद्धा नव्हता. या शेतात दगड सापडतात का, असं काशीनाथानं विचारलं. आश्रुबा छाती काढून म्हणाला की तीन पिढ्यांत नांगरणीच्या वेळी आमच्या शेतात कुणाला दगड दिसलेला नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. काशीनाथानं चाळीसचे दुप्पट केले आणि ऐंशी पावलांवर फक्कीची पांढरी रेघ ओढली. रेघेच्या खाली घरं बांधा म्हणाला. तानुबाईला पहिल्या ओळीत जागा मिळाली, म्हसोबाच्या सरळ वरच्या अंगाला. लेकरावर देवाची नजर राहील म्हणून ती फार खूश झाली.

मग काशीनाथाला वरचा कडा बघायचा होता. दगड कळणारं माणूस पाहिजे म्हणताच लोकांनी दगडाबाईचं नाव सांगितलं. झालं, मीही निघाले. कित्येक महिन्यांनी मला काम मिळत होतं. दगडाबाईच्या खांद्यावर मी इतकी उड्या मारत होते की तिनं मला दोनदा खाली आपटलं.

वर काळ्या खडकाचा जाड थर आहे आणि त्याच्या खाली तांबड्या मातीचा थर. तांबडी माती पावसानं झिजून आत गेलेली, त्यामुळं काळा खडक पडवीसारखा पुढं आलेला. त्या खडकात उभ्या भेगा, आडव्या भेगा. काशीनाथानं हात-हात अंतरावर गाठी मारलेला दोर काढला. उभ्या भेगेपासून उभ्या भेगेपर्यंत किती हात, आडव्या भेगांत किती आणि आत किती, हे तो मोजून लिहू लागला. या भेगांमध्ये जेवढा दगड सापडतो तेवढाच तो सुटून येतो, असं त्यानं समजावलं. दगडाबाईला हे नवं नव्हतं. विहिरीतही भेग बघूनच दगड काढतात. ती मला ठोकत गेली आणि तो लिहीत गेला. बसलेला, बसलेला, सुटलेला, बसलेला. दोन हात, दोन हात, दीड हात. आणि त्या खडकात सगळीकडं साबुदाण्यासारखे पांढरे खडे होते, तेही त्यानं लिहिलं.

डाव्या बाजूला कड्याचं एक नाक पुढं आलं आहे. तिथं भेगा लांब लांब होत्या. पाच हात, साडेचार हात, चार हात. दगडाबाईनं मला तिथं ठोकलं. बद्द. पुन्हा ठोकलं. बद्द. मित्रांनो, मी आयुष्यात हजारो दगड ठोकले, पण तसा आवाज ऐकला नव्हता. माझ्या अंगाला कंप सुटला तो बराच वेळ थांबेना. मला त्या भेगेत शिरून त्याला एकदाचं ढकलून द्यावंसं वाटत होतं. काशीनाथानं त्याची नोंद केली, पण तो फारसा घाबरला नाही. दगड मोठा आहे, सुटलेलाही आहे, पण इथले दगड चाळीस पावलांच्या पुढं जात नाहीत, आणि आपली रेघ ऐंशीवर आहे, असं तो म्हणाला. दगडाबाईनं मान हलवली. तिलाही ते पटलं होतं.

पंधरा दिवसांनी तानुबाईच्या घराचा पाया भरायला घेतला. पायाला दगड हवे होते. दगडाबाई आणि सटवाजी शेताच्या खालच्या बांधावर गेले, पायथ्यापासून दीडशेवर पावलं दूर. मी बांधातल्या एका मोठ्या दगडाखाली शिरले, त्याला उलथलं, आणि आवाज ओळखीचा आला. दगडाबाईनंही तो ओळखला. तिनं पदरानं माती पुसली. आत साबुदाण्यासारखे पांढरे खडे. दुसरा उलथला, त्यातही. तिसऱ्यातही. दगडाबाईनं सटवाजीला काशीनाथाकडं पिटाळलं.

आता तिला सगळं आठवलं, आणि तिनंच ते नंतर काशीनाथाला सांगितलं. ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून दर वैशाखात ती आश्रुबाच्या शेतात धोंडे वेचायला जायची. गावातल्या सगळ्याच बाया जायच्या. लहान दगड टोपल्यात, मोठे बैलांना साखळी लावून, जो बांध जवळ पडेल त्या बांधावर. आश्रुबाच्या बापाला पाहुण्यारावळ्यांत या शेताचा मोठा अभिमान होता. नांगरणीच्या वेळी शेतात दगड दिसणं म्हणजे घराची अब्रू जाणं. म्हणून दगड येत राहिले आणि माणसं ते वेचत राहिली. कुणी काही लपवलं नव्हतं. घरचा केर जसा कुणी ध्यानात ठेवत नाही तसे ते दगड कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते. आणि तीन-तीन हातांचे जड धोंडे वरचा बांध सोडून कुणी एवढ्या खाली ओढत आणणार नाही. ते आपणहून या बांधाजवळपर्यंत येऊन पडले असणार.

काशीनाथ धावत आला. त्यानं बांधातले दगड मोजले आणि त्याचा चेहरा उतरला. पण दगडाबाईचं अजून संपलं नव्हतं. ती त्याला म्हसोबाकडं घेऊन गेली. मला तिनं दहा पावलं लांब ठेवलं, कारण देवाला लोखंड लावायचं नसतं. हात जोडले, देवाच्या पाठीमागं बसली आणि जमिनीलगत जिथं शेंदराचं कवच आपोआप सुटलं होतं तिथली माती नखानं बाजूला केली. पांढरे खडे. काशीनाथानं वहाणा काढल्या आणि दोर लावला. पाच हात, साडेचार हात, चार हात. वरच्या त्या नाकावरच्या दगडाचा हा सख्खा भाऊ होता, आणि तो पायथ्यापासून एकशेवीस पावलं आला होता.

"मी चुकलो, दगडाबाई," काशीनाथ म्हणाला. "शेतात दगड नाही, म्हणजे दगड येत नाही, असं मी धरून चाललो. येतो का, हे विचारायला पाहिजे होतं."

तोवर आश्रुबा आला होता. त्याला मोजमापाचं काही वाटलं नाही, पण देवाला लावलेला दोर बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वैनी, देवाला दगड म्हणायलात का?" त्यानं विचारलं.

"दगड म्हणत न्हाई, भावजी," दगडाबाई म्हणाली. "देव ज्या वाटेनं आला त्या वाटेवर लेकरं निजवू नका, एवढंच म्हणायलेय."

गाव जमलं. वाद झाला. काही म्हणाले सुरुंग लावून तो दगड पाडून टाका. काशीनाथानं नाही म्हटलं. सगळा कडाच भेगाळलेला आहे, सुरुंगानं कोणता दगड येईल आणि किती येतील याचा भरवसा नाही. मग आश्रुबा म्हणाला, डोळ्यांनी बघू. वरून एक दगड सोडा, कुठवर येतो ते सगळ्यांसमोर ठरेल. लोकांना हे पटलं. मलाही पटलं. खरं सांगते, मला तर आनंद झाला. ढकलायला मिळणार होतं!

दुसऱ्या दिवशी गुरं-माणसं लांब उभी केली. चार गडी, दगडाबाई आणि मी वर गेलो. नाकावरचा तो मोठा दगड आम्हाला हलणारा नव्हता. त्याच्या बाजूचा दोन हातांचा एक सुटलेला दगड होता, तो दगडाबाईनं निवडला. दुसरा पर्यायच नव्हता. मी भेगेत शिरले, चपटं टोक खाली रोवलं, आणि चौघांनी माझ्यावर भार दिला. दगड सुटला. आदळला, उसळला, झुडपं मोडत खाली गेला आणि पन्नास पावलांवर, रेघेच्या कितीतरी अलीकडं, मातीत रुतून बसला.

खाली लोक हसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आश्रुबानं म्हसोबापुढं नारळ फोडला.

लहान दगड झुडपात अडकतो, मोठा झुडूप घेऊन जातो, हे काशीनाथानं जीव तोडून सांगितलं. कोण ऐकतो? डोळ्यांनी बघितलं होतं ना. आणि ते दाखवलं होतं मी. माझ्याच जोरानं मी सगळ्या गावाला चुकीची गोष्ट खरी करून दाखवली. ती गोष्ट मला आजही बोचते.

काशीनाथानं दोनशे पावलांवर नवी रेघ ओढली आणि तसा कागद परभणीला पाठवला. कागद तिकडं गेला आणि इकडं जुन्याच रेघेला धरून घरं उभी राहिली. जाताना त्यानं तानुबाईला हात जोडून सांगितलं की पहिली ओळ तरी रिकामी ठेवा. तानुबाईनं त्याला गूळ-पाणी दिलं आणि घराला कोणता रंग लावावा ते विचारलं.

दगडाबाई मात्र स्वस्थ बसेना, आणि तिच्यामुळं मीही. ती कुंभाराकडून फुटक्या मडक्याची खापरं घेऊन वर गेली. नाकावरच्या भेगेत तीन ठिकाणी तीन खापरं माझ्या चपट्या टोकानं घट्ट ठोकून बसवली. भेग आहे तेवढीच राहिली तर खापर जागेवर राहील. भेग रुंदावली तर खापर सैल होऊन पडेल. दर आठवड्याला आम्ही दोघी वर जायचो. श्रावणात पहिलं खापर पडलेलं दिसलं. हस्ताचा पाऊस लागला आणि एकाच आठवड्यात उरलेली दोन्ही पडली. त्या भेगेत आता दगडाबाईची मूठ जात होती.

आठ दिवस ती आपल्या घरून येऊन लेकीच्या दारात बसली. भेग वाढायलीय, तानू, घर सोड, एवढंच सांगत राहिली. तानुबाईनं आधी समजूत काढली, मग हसली, मग चिडली. आपल्या हातानं सारवलेली जमीन, आपल्या हातानं लावलेली तुळस, आणि माय म्हणते सोड. जुन्या घरात बाप गेला, आता या घरातूनही माय आपल्याला काढते, असं ती शेजारणीजवळ रडली.

नवव्या दिवशी तानुबाई लेकराला घेऊन ओढ्यावर धुणं धुवायला गेली. सटवाजी शेतात होता. दगडाबाई मला घेऊन त्या घराशी आली. आधी भांडी बाहेर काढली, धान्याचं कणगं बाहेर काढलं, पाळणा सोडून बाहेर ठेवला. मग मला मागच्या कोपऱ्याच्या दगडांत घातलं. मी नको म्हणाले असेन असं वाटतं तुम्हाला? नाही हो. जोर लागला की मला दुसरं काही सुचत नाही. कोपरा निखळला, भिंत बसली, आणि धाब्याच्या छताचं ओझं धाडकन खाली आलं. धूळ खाली बसली तेव्हा कुठं मला कळलं की हे विहिरीचं काम नव्हतं.

तानुबाई ओल्या धुण्याची बुट्टी घेऊन वाटेत उभी होती. ती ओरडली नाही.

"माय," ती म्हणाली, "दगड आला असता तर परवडलं असतं. तू कामून आलीस?"

दगडाबाईनं मला खांद्यावर घेतलं आणि ती आपल्या घराकडं निघाली.

आणि आता ऐका. दगड आला नाही. त्या हस्तात आला नाही, पुढच्या पावसाळ्यात आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तानुबाई आणि सटवाजीनं जुन्या गावात न शिरता त्याच्या टोकाला घर बांधलं. तानुबाईनं मायशी बोलणं टाकलं. पाणवठ्यावर समोरासमोर आल्या तरी लेक घागर घेऊन दुसऱ्या वाटेनं जायची. गावानं दगडाबाईला वेडी ठरवलं. नात चालायला लागली, बोलायला लागली, ती आजीला लांबूनच बघायची. दगडाबाईनं मला परसात जमिनीत ठोकलं आणि माझ्या डोक्याला शेळी बांधली. मी, पाषाण फोडलेली पहार, शेळीची मेख झाले. गंज चढला. पावसाळ्यात रात्रंदिवस मला एकच वाटायचं की वर जाऊन एकदा ठोकून बघावं. सात वर्षं मी तशीच तळमळत उभी होते. दगडाबाईचीही तीच गत असणार, पण ती वर गेली नाही. दगड पडावा असं वाटण्याचं तिला भय होतं, आणि पडू नये असं वाटण्याचंही. हे तिनं एकदा शेळीची धार काढताना आपल्याशीच म्हटलं, म्हणून मला माहीत.

एक गोष्ट मात्र झाली. पहिल्या ओळीतली माणसं एकेक करून निघून गेली. कुणी म्हणालं भिंतीला ओल येते, कुणी म्हणालं शेत लांब पडतं. दगडाबाईचं ऐकलं असं कुणीच म्हणालं नाही. शेवटी त्या ओळीत एकटा आश्रुबा उरला.

चव्वेचाळीस सालच्या कार्तिकात, पाऊस उघडून आठ दिवस झाले होते. लख्ख ऊन होतं, बायका धुणी वाळत घालत होत्या. दुपारी डोंगरावर एक आवाज झाला. मी जमिनीत रुतलेली होते, मला तो पायाकडून ऐकू आला. बद्द. आणि मग धरणी हादरली.

नाकावरचा दगड झुडपं घेऊन खाली आला. तानुबाईचं घर जिथं होतं ती रिकामी जागा त्यानं सरळ ओलांडली. तिथं हातभर खोल चर पडला. आश्रुबाच्या गोठ्याची भिंत नेली, दावणीचा एक बैल नेला, आणि म्हसोबाच्या पुढं अकरा पावलांवर जाऊन थांबला. आश्रुबा घरात जेवत होता म्हणून वाचला. गाव जमलं तेव्हा तो बैलापाशी बसला होता. थोड्या वेळानं उठला, कासऱ्याचा दोर आणला आणि कुणाशी न बोलता आपल्या हातानं तो दगड मोजू लागला. पाच हात. साडेचार हात. चार हात. मग तो दोर तिथंच टाकून बाजूला गेला आणि लहान पोरासारखा रडला.

मित्रांनो, मी लोखंड आहे, मला उपदेश जमत नाही. पण एक विनवणी करते. डोंगराखाली राहत असाल तर पावसाळ्याआधी कुणीतरी वर जा, ठोका आणि ऐका. भेगा मोजा, म्हणजे दगड केवढा येईल ते कळेल. बांधावर, पायात, देवळात जुना धोंडा असेल तर तो कुठून आला आणि कुठवर आला ते म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. शेत साफ करा, पण काय साफ केलं ते विसरू नका. आणि तुमच्यासाठी कुणी धसका घेतला आणि तसं काही घडलंच नाही, तर त्या माणसावर रागवायला जरा उशीर करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात पावलं वाजली. दगडाबाई ओट्यावर बसली होती, तिला आता नीट दिसत नव्हतं. तानुबाई आली. सात वर्षांनी. ती मायच्या पाया पडली नाही, रडली नाही, झालं-गेलं काही बोलली नाही. तिनं शेळी सोडून दुसरीकडं बांधली. मग दोन्ही हातांनी मला धरलं, हलवलं, पुन्हा हलवलं आणि उपटून काढलं. पदरानं माझ्यावरची माती पुसली.

"वर अजून दगड हायेत, माय," ती म्हणाली. "चल. तू ऐक, मी ठोकते."

तिनं एका हातात मला घेतलं आणि दुसऱ्या हातानं मायचा हात धरला. वर पोचायला दोघींना अर्धा दिवस लागला. नाकाच्या जागी आता नवी, कोरी काळी भिंत होती, आणि तिच्यात नव्या भेगा. तानुबाईला ठोकायची सवय नव्हती, पहिला घाव तिरपा बसला. दुसरा बरोबर बसला. मी ठण्ण वाजले.

दगडाबाईनं कान देऊन ऐकलं. मग चाचपत लेकीचा हात पुन्हा धरला.

"ह्यो बसलेला हाय," ती म्हणाली. "पुढचा."